कपाटातली बाटली

बाबांच्या सोनोग्राफीचा कागद हातात पडला त्या दुपारी मी पहिलं काम केलं ते हे, की त्यांना अमरावतीला माझ्या घरी झोपवलं आणि कपडे आणायच्या निमित्तानं धामणगावला जाऊन त्यांचं कपाट उघडलं. कागदावर सिरॉसिस लिहिलं होतं, म्हणजे लिव्हर कडक होत चाललेलं. आमच्याकडे लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. मीही तेच केलं. माझे बाबा शाळामास्तर, अख्खी नोकरी दारूविरुद्ध बोलण्यात गेलेली. म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. गावाला शहाणपण शिकवलं आणि घरात आम्हाला बनवलं, असं बसमध्ये मी मनातल्या मनात भांडत होते.

बाटली सापडली. धोतरांच्या घडीमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. झाकण उघडून वास घेतला तर ओव्याचा अर्क! दोन वर्षं पोट फुगलं की ‘गॅस झाला’ म्हणून ते तो पीत होते. भूक लागत नव्हती ती गॅसमुळे, थकवा यायचा तोही गॅसमुळे, आणि पाय सुजायला लागले तेव्हाही आम्ही दोघांनी मिळून गॅसच ठरवला. आमच्या घराला पोटाचा एवढा एकच आजार ठाऊक होता. मीही हिंगाची गोळी त्यांच्या हातावर ठेवून मोकळी व्हायचे.

अर्काच्या वासानं माझी लाज काढायला हवी होती. पण मी हट्टी. मुरलेला पिणारा दारू घरात कशाला ठेवेल, असं म्हणून मी बाटली परत गुंडाळली. कागद उलटा गुंडाळला गेला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोटाच्या डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी हलले नाही. त्यांनी बाबांना विचारलं, “दारू?”

“कधीच नाई.”

“बाबा, इथं तरी खरं सांगा,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या स्वच्छ आल्या होत्या. जुना मधुमेह, पोटाचा घेर, दिवसभराची बैठक, यानं लिव्हरवर चरबी साचत जाते आणि वर्षानुवर्षांनी ते असं कडक होतं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. “न पिणारी अशी माणसं माझ्याकडे रोज येतात, मॅडम,” ते म्हणाले. मग सूचना सुरू झाल्या आणि मी वही काढली. मीठ अगदी कमी, लोणचं-पापड बंद. डाळ, दूध, अंडं भरपूर. साखर आटोक्यात. अंग दुखलं तरी मनानं गोळी घ्यायची नाही. अन्ननलिकेत शिरा फुगल्यात का, ते दुर्बिणीनं पाहायचं. रक्ताची उलटी झाली, शौच काळं झालं किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर तडक दवाखाना. सगळं लिहून घेतलं. बाबांची माफी मागायची तेवढी राहिली.

थोडं बरं वाटल्यावर ते धामणगावला परतले. आई गेल्यापासून तिथे एकटेच असतात. फोनवर रोज एकच उत्तर, सगळं पाळून राहिलो. आणि हिवाळा सरता सरता त्यांचं पोट मडक्यासारखं टम्म फुगलं. पोटात पाणी झालं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात ते सुईनं काढावं लागलं. मीठ कुठून जातंय ते शोधा, नाहीतर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मीठ रोडग्यांच्या पंगतीतून जात होतं. हिवाळ्यात आमच्याकडे कुणाचा ना कुणाचा नवस फिटतो आणि वावरात गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे जाड रोडगे भाजले जातात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वरून तूप, लोणचं आणि जीव नकोसा करणारा आग्रह. मास्तरांना तर प्रत्येक पंगतीचं आमंत्रण. बाबा एकही चुकवत नव्हते आणि पानात पडेल ते खात होते.

“काहून खाल्लं?” मी इतक्या मोठ्यानं ओरडले की नर्स डोकावली.

“नाई म्हटलं असतं तं लोकाइनं कारण इचारलं असतं. लिव्हर म्हटलं की लोकं काय समजतात, तुले माहीत आहे.”

“समजू द्या! तुमच्या जिवापेक्षा लोक मोठे झाले?”

“लोकाइचं जाऊ दे. माह्या पोरीनंच कपाट उघडून पाह्यलं. कागद उलटा गुंडाळला व्हता तू.” ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते. “घरच्याले खरं वाटलं नाई, तं परक्याले कसं वाटन?”

मला रडू फुटलं. चुकलं माझं बाबा, एवढंच कसंबसं म्हणता आलं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

पुढच्या पंगतीला मी त्यांच्यासोबत गेले. डब्यात बिनमिठाचं वरण आणि घरी भाजलेले दोन रोडगे. एकदा लोकांना आजार कळला की कुणी आग्रह करणार नाही, आणि बाबांना लपवत बसावं लागणार नाही, असा माझा हिशेब. भाजीची बादली घेऊन वाढपी आला तशी मी उभीच राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “बाबांना लिव्हरचा आजार आहे. मीठ चालत नाही. आणि हा आजार दारूचा नाही.”

वाढणारा माणूस बाबांचा जुना विद्यार्थी. एके काळी पिऊन शाळेच्या फाटकाशी पडलेला असायचा, बाबांनी मागे लागून लागून त्याची दारू सोडवली होती. त्यानं बादली खाली ठेवली.

“मीठ चालत नाई ते समजलं, ताई. पन दारूचं नाई हे काहून सांगता? सरांबद्दल तसं इथं कोनाच्या मनात तरी येईन का?”

पंगतीतली चार-सहा डोकी ‘नाही’ म्हणून हलली. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पत्रावळ माझ्यासमोर सरकवली. मी मान खाली घालून त्यांना वरण वाढलं.