खंडेनवमीला बदललेला फिल्टर

मला एका जागी थांबता येत नाही. पंगतीत शेजारच्याचा पहिला भात संपायच्या आत मी ताकावर आलेला असतो. बँकेत रांग दिसली की उद्या येऊ म्हणून परत फिरतो, आणि उद्याही रांग असतेच. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. मला वाटतं ती पायाला असती तर परवडलं असतं.

असल्या माणसानं जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी यात काही नवल नाही. पाच वर्षांपूर्वी मी ती पुण्याहून आणली. दोन दारं, दोन सीटा, वरचा टप उघडणारा, रंग लाल, वय वीसच्या पुढं. कराडजवळच्या आमच्या मलकापुरात गतिरोधक इतके की घरापासून हायवेला लागेपर्यंत तिचं पोट पाच वेळा खरवडायचं. वडिलांची सगळी नोकरी सैन्यात गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी तिला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ही बसायची गाडी हाय का अंगात घालायची?" बायकोनं एवढंच म्हटलं, "घरात माणसं चार आणि सीटा दोन." मुलगी तेव्हा घरीच होती, आता पुण्यात शिकते. म्हणजे माणसं तीन झाली. तरी हिशोब काही जुळला नाही.

या वर्षी उन्हाळ्यापासून गाडीला एक खोड लागली. गावात नीट चालायची. हायवेला साठच्या पुढं गेली की आचके द्यायची आणि बंद पडायची. अर्धा तास उभी केली की जणू काही झालंच नाही अशी चालू व्हायची. वडिलांनी एकदा शेजारी बसून ते आचके अनुभवले आणि घरी आल्यावर सांगितलं, "पेट्रोलचा फिल्टर चोंदलाय. हळू चालवलीस तर थोडं पेट्रोल पुरतंय, पळवलीस की पुरत न्हाई. उभी केलीस की परत साठतंय. फिल्टर बदल."

फिल्टर म्हणजे बोटभर लांबीची प्लास्टिकची डबी. दोन टोकांना दोन रबरी नळ्या, त्यांच्यावर दोन क्लिपा. जाणत्या माणसाला पंधरा मिनिटांचं काम. मी मे महिन्यात नवीन सीटकव्हर घातली. जूनमध्ये हॉर्न बदलला. जुलैत चाकांच्या वाट्या चकचकीत करून घेतल्या. फिल्टर राहिला. जे काम बसून, सावकाश, हात काळे करून करायचं असतं ते माझ्याकडून राहतंच.

श्रावणात मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती, सांगलीला. बायकोचा एकुलता एक भाऊ. ती पहाटे उठून तयार झाली, पैठणी नेसली. वडील म्हणाले, "यष्टीनं जावा." मी म्हणालो, दीड तासात पोहोचतो. पेठ नाका सोडला आणि इस्लामपूरच्या अलीकडं गाडीनं आचके दिले आणि मेली. दोन्ही बाजूला ऊस, सावलीला झाड नाही. अर्धा तास थांबलो असतो तर ती आपोआप चालू झाली असती. हे मला माहीत होतं. तरी मला ते थांबणं झेपेना. मी एका दुचाकीवाल्याला हात केला, मेकॅनिक घेऊन येतो म्हणालो आणि त्याच्या मागं बसून निघून गेलो.

एक गॅरेज बंद, दुसऱ्याकडं माणूस जेवायला गेलेला, तिसरा म्हणाला हातातलं काम संपवून येतो. मी तिघांच्या मध्ये येरझाऱ्या घालत बसलो. परत आलो तेव्हा पावणेदोन तास झाले होते. मधे दोन सरी येऊन गेल्या होत्या आणि टप ओढताना अर्ध्यात अडकला होता. बायको रस्त्याच्या कडेला उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला, पैठणीचा काठ चिखलानं भरलेला. रस्त्यानं जाणारा प्रत्येक ट्रॅक्टरवाला हळू होऊन आधी लाल गाडीकडं आणि मग तिच्याकडं बघत गेला होता. मेकॅनिकनं चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. भावाच्या घराची पूजा तिनं पाहिली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांनी काय झालं ते विचारलं, तिनं सांगितलं, आणि वडील सहज बोलून गेले, "ह्याला सांगितलं हुतं की फिल्टर बदल म्हणून. तीन महिनं झालं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखं नसणार. त्यानंतर घरात स्वयंपाक, चहा, धुणं सगळं होत होतं, पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. घट बसायच्या आदल्या दिवशी ती माहेरी गेली. नवरात्रापुरती जाते म्हणाली, पण बॅग मोठी होती. मी रोज फोन करायचो. सातव्या माळेला तिनं उचलला.

"दसऱ्याला या," ती म्हणाली. "त्याच गाडीनं या. वाटेत बंद पडली तर तिथूनच मागं फिरा. मला फोन करू नका."

मी लगेच फिल्टर आणला. पण अष्टमीला मी नोकरी करतो त्या कॉलेजात काम निघालं, मग घरी येऊन उगाच आवरासावर केली, बाहेरून दोन चकरा मारून आलो. नवमीला सकाळी बॉनेट उघडून हत्यारांसाठी आत गेलो, तर भिंतीकडेला पाट मांडलेला. त्यावर वडिलांचे सगळे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी ओळीनं ठेवलेली, प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. खंडेनवमी. मी पार विसरलो होतो.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं की दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वडिलांनी हे सैन्यात असताना पाळलं, रिटायर झाल्यावर पाळलं. एकदा, आई होती तेव्हा, ऐन नवमीला घराच्या पाण्याच्या मोटरीचा स्क्रू ढिला झाला होता, तर आईनं दिवसभर शेजाऱ्यांकडून पाणी भरलं. मी फाट्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथंही पाट, तिथंही फुलं. उंब्रजपर्यंत जाऊन आलो. हायवेच्या दोन्ही बाजूची सगळी हत्यारं त्या दिवशी बसून होती. उभा होतो तो मी एकटा.

"दादा, एक दहा मिनिटांसाठी," मी घरी येऊन वडिलांना म्हणालो.

"उद्या सांजंला," वडील म्हणाले.

"उद्या सकाळी निघायचंय मला."

"मग पाच म्हयनं काय करत हुतास?"

मी चिडलो. स्वयंपाकघरात जाऊन बायकोची सांडशी आणि भाजीची सुरी घेतली. ही हत्यारं पूजेत नाहीत ना, मग झालं. वडील अंगणात खुर्ची टाकून बसले. बॅटरीची वायर काढलीस का, एवढं मात्र त्यांनी विचारलं, आणि ती मी काढली नव्हती. ती हातानंच सैल करून काढली.

सुरीच्या टोकानं क्लिपचा स्क्रू फिरवायला लागलो. टोक निसटायचं, अंगठ्यावर यायचं. सांडशीनं नळी धरून ओढली, तर सांडशी घसरून कोपर रेडिएटरवर आपटलं. अर्ध्या तासानं जुना फिल्टर निघाला. आत तांबडा गाळ, तळाला भिजलेल्या चहापत्तीगत. पेट्रोल हातावर, शर्टावर. नवा फिल्टर मी घाईघाईनं नळ्यांमध्ये दाबला, सांडशीनं क्लिपा आवळल्या आणि उभा राहिलो. बॅटरी जोडली, चावी दिली, इंजिन चालू झालं. मला इतका आनंद झाला की मी वडिलांकडं बघून हसलो.

वडील उठले होते. गुडघे दुखतात म्हणून ते सहसा उठत नाहीत. "बंद कर," ते म्हणाले. "वास येतोय."

नळीच्या टोकाला चीर पडली होती. मी ओढाताण केल्यानं ती आणखी फाटली होती आणि थेंब थेंब पेट्रोल गरम इंजिनाच्या अंगाला पडत होतं. वडिलांनी नळी दोन बोटांत दाबून बघितली. "चिकाट झालीय. पेट्रोलात आता उसाचं इथेनॉल मिसळत्यात, ते जुन्या रबराला सोसत न्हाई. आपलाच ऊस आपल्याच नळीला खातोय." मग नळी सोडून म्हणाले, "असली गाडी घिऊन तू उद्या तिला आणाय निघाला हुतास. तिला बसवून."

मी खाली पायरीवर बसलो. मला भीती वाटली, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रडू आलं. ती घरी नाही म्हणून घर कसं झालंय हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं, कारण मी घरात टिकतच नव्हतो.

वडील आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी दारातून बघितलं. ते पाटासमोर हात जोडून उभे होते. ओठ हलत होते. मग त्यांनी एक छोटा पाना उचलला, एक स्क्रूड्रायव्हर उचलला, त्यांच्यावरचं फूल बाजूला ठेवलं. कुंकू पुसलं नाही.

"दादा, ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "मी यष्टीनं जातो."

"ती म्हणालीय ना ह्याच गाडीनं या. मग ह्याच गाडीनं जा. द्याव रागावला तर माझं मी बघतो. सून रागावलीय तेवढं बास हाय."

नळीचा फाटका तुकडा त्यांनी कापून टाकला. त्यांच्या लोखंडी पेटीत नवी नळी होती, ती मापानं तोडली. फिल्टरवरचा बाण मला दाखवला, पेट्रोल टाकीकडनं इंजिनाकडं जातंय, बाण तसाच पाहिजे. मी तो बरोबर लावला होता, पण तो योगायोग होता. सगळं करायला त्यांना तास लागला. त्यांच्या हातून स्क्रू दोनदा पडला, दोन्ही वेळा मी खाली घुसून शोधला. एकदाही मला घाई झाली नाही. नंतर त्यांनी दोन्ही हत्यारं धुतली, पुन्हा हळदकुंकू लावलं, पाटावर ठेवली, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

दसऱ्याला सकाळी निघालो. पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा. गाडी कुठंही अडखळली नाही. सांगलीत मेहुण्याच्या दारात उभी केली तेव्हा बायको बाहेर आली आणि तिनं पहिलं विचारलं, "कुणी बदलला?"

मी बदलला, हे अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. तिला कळलंही नसतं. पण मी सगळं सांगितलं, सुरी, सांडशी, फाटलेली नळी, पूजेतला पाना, आणि दादा उपाशी झोपले तेही.

ती तिथंच पायरीवर टेकली. "मामंजींनी? खंडेनवमीला?"

आत जाऊन ती बॅग घेऊन आली. मी पुढं होऊन गाडीचं दार उघडलं. ती त्या दाराकडं बघतही नव्हती. "मी मामंजींसाठी येतेय," ती म्हणाली. "आणि बसनं येतेय. तुम्ही व्हा पुढं."

मेहुण्यानं तिला स्टँडवर सोडलं. मी पुढं झालो नाही. कराडच्या बसच्या मागं लागलो. सत्तर किलोमीटर, चाळीसच्या वेगानं. बस थांबली की मी थांबायचो. आष्ट्याला प्रवासी चढले, मी इंजिन बंद केलं. इस्लामपूरला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला, मी स्टँडच्या बाहेर उभा राहिलो. मागून हॉर्न वाजत होते, तरुण पोरं ओरडून विचारत होती की ही गाडी पळत नाही का. ती शेवटच्या सीटवर बसली होती. मागच्या काचेतून तिनं एकदा बघितलं, मग पेठ नाक्याला पुन्हा बघितलं.

मलकापूरच्या फाट्यावर ती उतरली. मी गाडी कडेला घेऊन बाहेर आलो.

"मला वाटलं इस्लामपूरच्या पुढं कंटाळून निघून जाल," ती म्हणाली.

"नाही गेलो."

"दिसलं." तिनं बॅग माझ्याकडं दिली नाही. "कायमची आले असं धरून चालू नका. दिवाळीपर्यंत बघते."

घरी जाऊन ती वडिलांच्या पाया पडली. वडिलांनी तिला सोनं दिलं, म्हणजे आपट्याची पानं, आणि कसा झाला प्रवास म्हणून विचारलं. बरा झाला, ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी पिठलं टाकायला गेली.

दिवाळी होऊन आता आठवडा झाला. ती काही बोललेली नाही आणि मी विचारलेलं नाही. तिची बॅग पलंगाखाली आहे, रिकामी आहे का भरलेली ते मी उघडून बघितलेलं नाही.