परसातलं दार

कर्जतला आमच्या आणि कापूस पिंजणाऱ्या मुसलमान शेजाऱ्यांच्या परसांमध्ये एकच भिंत होती. तिच्यातल्या ठेंगण्या दारातून आई आणि शेजारची चाची दिवसभर ये-जा करायच्या. पुढचा रस्ता भर पेठेचा. त्यावर बायकांनी पाऊल टाकायचं नाही, ही दोन्ही घरची रीत.

फाळणीच्या साली गावात नाही नाही त्या बातम्या येऊ लागल्या. वडील आणि चाचा ओट्यावर बसून बोलले आणि दोघांनी मिळूनच ते दार दगडमातीनं बुजवलं.

“निवळलं की काढू,” वडील म्हणाले.

“तवर आमी भेटायचं कुठं?” आईनं विचारलं. वडील हातांची माती धुवायला गेले.

पुढे निवळलं. पुरुष पेठेत रोज भेटायचे, एकत्र चहा प्यायचे. दाराचं त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही. चाचीला मुलगी झाली, तेव्हा आई भिंतीला कान लावून बाळाचं रडणं ऐकायची.

एका दुपारी पदर पुढे ओढून, माझा हात धरून ती पेठेतून निघाली. तिला पुढच्या दारात बघून चाची घाबरलीच.

“काय झालं? कोण गेलं?”

“कुनी न्हाई. बाळ बघाया आले.”

आई पेठेतून चालत गेल्याचं कळलं, आणि त्या संध्याकाळी वडील न जेवताच उठले.