रेडिओचं तोंड आग्नेयेला

आमच्या घरात रेडिओ फळीवर कसाही ठेवत नाहीत. त्याचं तोंड आग्नेयेला, रेडिओ केंद्राच्या मनोऱ्याकडे हवं. वडिलांनी फळीवर खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती. झाडताना सेट हलला की तो रेघेला लावायचा. उर्से आणि शिरगावच्या मधल्या आमच्या गावात रेडिओवाल्या प्रत्येक घरात अशी काहीतरी खूण आहे. मध्यम लहरींचं तसंच असतं. सेट काटकोनात फिरला की आवाज संपतो.

हे केंद्र मी लहानपणापासून ऐकतो. तेव्हा प्रसारणाच्या तीन सभा असत: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आधी दुपारची सभा गेली. मग सकाळची निम्मी झाली आणि शेतीच्या कार्यक्रमाच्या जागी दुसऱ्या केंद्राचं काहीतरी लागू लागलं. मी लोणावळ्यात एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय आहे. कुठला कार्यक्रम कधी बंद झाला आणि त्यानंतर कुठल्या घरातला सेट बंद झाला ते माझ्या वहीत आहे. ऐकणारे घटले म्हणून कार्यक्रम घटले, असं आता सांगतात. माझ्या वहीत क्रम उलटा आहे.

गेल्या वर्षी मनोराच बंद करायचं घाटत होतं. त्या निर्णयाआधी पाहणीसाठी एक साहेब आमच्या ग्रामपंचायतीत आले. केंद्र ऐकू येत नाही असं ठरलं, तर गाव केंद्र ऐकणाऱ्या गावांच्या यादीतून जाणार. अशी पुरेशी गावं गेली की मनोरा जाणार. फॉर्मवर दोन रहिवाशांच्या सह्या हव्या होत्या. सरपंचांनी मला आणि बौद्धवस्तीतल्या मावशींना बोलावलं. मावशी आपली भातशेती एकट्या बघतात.

साहेबांनी आणलेला सेट कॉम्प्युटरशेजारी लोखंडी कपाटावर ठेवला. वर एलईडीची ट्यूब चालू; या सगळ्यानं रेडिओत खरखर येते. सेटचं तोंड ईशान्येला. खरखरीशिवाय काही नाही. त्यांनी 'ऐकू येत नाही' असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, सेट बाहेर ओट्यावर नेऊ, तोंड फिरवू. ते म्हणाले, चाचणी इमारतीच्या आतच घ्यायची सूचना आहे आणि फॉर्ममध्ये दिशेचा रकाना नाही. माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी त्यांची अजून चार गावं व्हायची होती. आता सगळं मोबाइलवर ऐकता येतं, तुम्ही कशाला अडून बसता, असंही त्यांनी समजुतीनं विचारलं.

"मोबाइलचं मोबाइलपाशी," मी म्हणालो. "तुम्ही लिहिलंय ते अर्धं आहे. त्याखाली मी सही करणार नाही."

पेन मावशींकडे वळलं. मावशींनी पेन घेतलं नाही, सेट उचलला.

"सायेब, पावसात आमच्याकडं लाइट जाती, मोबाइलचा टावर बी जातो. हवामान मी रेडूवरच ऐकते. जरा भायेर या."

ओट्यावर त्यांनी सेट आग्नेयेला धरला. बाजारभाव चालू होते. कांद्याचा भाव ओट्याखाली उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला.

"म्हंजे कान बरं हायत तुमचं," मावशी म्हणाल्या. "आता लिवा."

सरपंच हसले. साहेबही जरासे हसले, पण बाहेरचं धरता येत नाही म्हणाले. तेव्हा मी शेऱ्याची जागा मागितली आणि लिहिलं: 'आत कॉम्प्युटर व ट्यूबजवळ, सेट ईशान्येला: ऐकू येत नाही. तेरा पावलं बाहेर, सेट आग्नेयेला: स्पष्ट. गावात चालू सेट सतरा.' हे सतरा मी आदल्या रविवारी घरोघर जाऊन, प्रत्येक सेट लावून मोजले होते. मागून कुणीतरी म्हणालं, सत्तर लिहा की, कोण बघायला येतंय. मी सतराच ठेवले. सतरा घरांसाठी भांडायला मला सत्तरचा आधार लागत नाही.

त्या शेऱ्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. साहेबांच्या ओळीखालची जागा कोरीच राहिली. ते आणखी दोघांकडे गेले. त्या दोघांनीही आधी शेरा वाचला आणि फॉर्म परत दिला.

निर्णय अजून कळलेला नाही. मनोरा बंद करायचा तर करतील, ते आमच्या हातात नाही. पण इथं कुणाला ऐकूच येत नव्हतं असं लिहायचं असेल, तर ते त्यांना आमच्या सहीशिवाय लिहावं लागेल.