टर्मिनलवरची हळद

जी चूक उस्मानभाईंच्या माथी बसली, ती माझी होती. एवढे वाक्य मनात जुळवायला मला नऊ वर्षे लागली, आणि ते कागदावर उतरते आहे ते उस्मानभाई गेल्यावर. पाच आठवड्यांपूर्वी पालमहून आलेल्या बसच्या कंडक्टरने दवाखान्याच्या पायरीवरून सहज सांगितले, "तुमचे ते जुने ड्रायव्हर, सायकलवाले उस्मानभाई, परवा गेले बगा." मी खोकल्याच्या औषधाची बाटली भरत होतो. हात थांबला नाही. बाटली भरली, बूच लावले, चिठ्ठी डकवली... आणि मग मागच्या दाराने मोटारीच्या शेडकडे गेलो.

परभणीच्या ज्या दवाखान्यात मी कंपाउंडर आहे, तेथे डॉक्टरसाहेबांची एक जुनी मोटार होती. ती उस्मानभाई चालवीत. सकाळी आले की त्यांचे पहिले काम बॉनेट उघडण्याचे. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर पांढरट-हिरवा क्षार फुलून येई. सोडा घातलेल्या कोमट पाण्याने तो धुवायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशाने कानाकोपरा घासायचा, फडक्याने कोरडे करायचे आणि वर व्हॅसलीनचा हात द्यायचा. व्हॅसलीन मी एका चपट्या डबीत काढून देत असे. तारेची पकड क्षाराने खाऊन पातळ झाली होती, नवी मिळत नव्हती, आणि मोटार केवळ या रोजच्या निगेवर चालू होती. "कंपाउंडरसाब, बॅटरीला घाम येतो," ते म्हणत. "रोज पुसला न्हाई तं मोटार मुकी होती."

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा दोन वर्षे झाली होती. उस्मानभाईंसारखी माणसे त्या दिवसांत जपून बोलत, जपून चालत. कोणाच्या कामावरून कोण कधी निघेल याचा नेम नव्हता, आणि ही धास्ती त्यांच्या सलामातही मला दिसे. दसऱ्याच्या तोंडावर वालूरला त्यांची आई अंथरुणाला खिळली. पंधरा दिवसांच्या रजेवर निघताना त्यांनी ती डबी माझ्या हातात ठेवली आणि दोनदा बजावले, "येवढं रोज बगा. माझी रोटी हाय त्याच्यावर."

दसऱ्याला मोटारीची पूजा दरवर्षी मीच करी. हार घालावा, चाकापाशी नारळ फोडावा, एवढाच रिवाज. त्या वर्षी मात्र मला वाटले, मोटारीचा प्राण बॅटरीत, तर खरी पूजा तिचीच व्हायला हवी. व्हॅसलीनवर हळदकुंकू बसेना, म्हणून व्हॅसलीन मी फडक्याने निपटून काढले. ओल्या हळदीची बोटे दोन्ही टर्मिनलांवर ओढली आणि नारळाचे पाणी तीर्थ म्हणून वर शिंपडले. दुसऱ्या दिवशी ते धुवायला हवे होते. पण पूजेची हळद पुसायला हात धजेना. आज नको, उद्या... असे करता करता बारा दिवस गेले. मोटार शेडमध्ये उभी होती. डॉक्टरसाहेब टांग्याने हिंडत होते.

उस्मानभाई परतले त्याच सकाळी, ते अजून अंगणातच असताना, ताडकळसचा एक मेंढपाळ सायकलवर धापा टाकीत आला. घटसर्पाने त्याच्या मुलीचा गळा आवळत आला होता. "साहेब, लेक निळी पडायलीय," एवढेच बोलून तो पायरीवर बसला आणि घोंगडीचे टोक पिळू लागला. सीरमचे इंजेक्शन घेऊन डॉक्टरसाहेब मोटारीत बसले. मोटार बोलली नाही. उस्मानभाईंनी हँडल मारून पाहिले, तरी नाही. त्यांनी बॉनेट उघडले. मी बाजूलाच उभा होतो. क्षाराचा गड्डा चढला होता आणि त्याच्या बुडाशी पिवळा रंग स्पष्ट दिसत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग ओल्या फडक्याने आधी ती हळद पुसली, फडके खिशात कोंबले, आणि नंतरच पकड सोडवायला घेतली. ती हातातच तुटली. तार थेट टर्मिनलला आवळून बांधेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मेंढपाळाने एकदाही मान वर केली नाही.

मुलगी वाचली. पण संध्याकाळी परत आल्यावर डॉक्टरसाहेबांचा राग उसळला. मोटार अशी टाकून रजेवर गेलास, एक जीव गेला असता, असे ते सर्वांसमोर म्हणाले. उस्मानभाई मान खाली घालून म्हणाले, "चुकी झाली, साहेब." दुसऱ्या दिवसापासून ते कामावर नव्हते; जाताना शेडमधला आपला ब्रश आणि ती डबी तेवढी घेऊन गेले. पूजेने मोटार बंद पडली, हे त्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघणे शक्य नव्हते. माझ्या तोंडून सहज निघाले असते. मी बोललो तर गावात भलताच अर्थ निघेल आणि त्यांनाच त्रास होईल, अशी मी मनाची समजूत घातली. ती खोटी होती. मला माझ्या नोकरीची भीती वाटली होती.

पुढे त्यांनी पालमला सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. माझी बहीण तेथे दिलेली. दर खेपेला मी त्यांच्याकडे जाई, ते चहा मागवीत, आणि सगळा रस्ता घोकलेले वाक्य गिळून मी पिकापाण्याचे बोले. निघताना ते दारापर्यंत येत, थोडे थांबत... आणि सलाम करीत.

गेल्या आठवड्यात मी पालमला गेलो. दुकानाच्या कोनाड्यात ब्रश, सोड्याची पुडी आणि माझ्या दवाखान्यातली ती चपटी डबी होती. सायकलींना बॅटरी नसते. तरी डबी पुसलेली होती. त्यांच्या पत्नीने, ज्यांना मी भाभी म्हणतो, ती काढून माझ्या हाती दिली. म्हणाल्या, "तुम आके गये की उनो बोलते थे, कंपाउंडरसाब के दिल में कुछ है, बोलने को नै होता उनसे."

डबी हातात धरून मी उभा राहिलो. दुकानाला लागूनच असलेल्या घरात त्यांचे दोन भाऊ होते, शेजारचे लोक होते. त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "भाभी, दसऱ्याला ते व्हॅसलीन मी पुसलं होतं. हळद मी लावली होती, आणि धुतली नाही तीही मीच. उस्मानभाईंची काही चूक नव्हती. मला माफ करा."