अप्पा मरतात छान

नाटकाच्या ग्रुपमध्ये पडदे फाटतात, दाढ्या हरवतात, मिशा उंदीर नेतात. किस्से मात्र दर प्रयोगाला दोन-चार वाढतातच! परभणीच्या आमच्या हौशी ग्रुपमध्ये मी चाळीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. म्हणजे विंगेत उभं राहायचं आणि नट वाक्य विसरला की हळूच पुरवायचं. लोक नाटक समोरून बघतात, मी बाजूनं बघितलं. आणि बाजूनं बघितलं की सगळ्यात जास्त किस्से निघतात ते अप्पांचे.

अप्पा मूळचे झरीचे. शेती सांभाळून चाळीस वर्षं नाटक केलं आणि पन्नाशीनंतर सिनेमे, मालिका. तुम्ही त्यांना बघितलंय. नाव आठवणार नाही, पण बघितलंय. हिरोचा बाप पहिल्या पंधरा मिनिटांत मरतो ना? तेच आमचे अप्पा!

*

हे मरण पहिल्याच नाटकापासून त्यांच्या मागं लागलं. त्यात ते हवालदार होते. दोन वाक्यं बोलायची, गोळी खायची आणि पडायचं, एवढंच काम. पण अप्पा असे काही पडले की लोकांनी 'वन्स मोर' दिला! गाण्याला वन्स मोर मी ऐकला होता, मरणाला पहिल्यांदाच ऐकला. अप्पा शांतपणे उठले, टोपी नीट केली, चार पावलं डावीकडं गेले आणि पुन्हा मेले.

दिग्दर्शक खवळला. "अहो, मेलेला माणूस उठतो का?"

"डावीकडल्या बायायला दिसलं न्हवतं," अप्पा म्हणाले. "त्या बी लांबून आल्यात की."

*

पहिला सिनेमा मिळाला तेव्हा मी सोबतीला गेलो होतो. दिग्दर्शक तरुण, घाईतला. उन्हं उतरायला लागली होती. त्यानं विचारलं, "अप्पा, मरायला किती वेळ घ्याल?"

अप्पांनी तंबाखू थुंकली. "कशानं मरायचंय त्याच्यावर हाय. गोळी असंल तर लगेच. इष असंल तर चार मिनिटं धरा. झुरून मरायचं असंल तर मग उद्याच या."

*

एका प्रयोगात अप्पा मेलेले आणि त्यांचा मुलगा झालेला नट छातीवर डोकं टेकून रडत होता. रडता रडता पुढचं वाक्य विसरला. मी विंगेतून पुरवत होतो, पण स्वतःच्या रडण्यात त्याला ऐकू जाईना. शेवटी प्रेतानंच, डोळे न उघडता, वाक्य पुरवलं! तेही चांगलं खणखणीत.

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "आरं, मेलेल्याला पाठ हाय अन् तुला न्हाई व्हय?"

*

मालिकेत अप्पांचा जीपच्या अपघातात जीव गेला. दुसऱ्याच दिवशी ते पाथरीच्या स्टँडवर जीपमध्ये पुढं जाऊन बसले. मागं बसलेल्या मावशी त्यांच्याकडं बघत बसल्या. मग हळूच ड्रायव्हरला म्हणाल्या, "बाबा, मला उतरीव. ह्या माणसाला जीप धार्जिणी न्हाई."

बघता बघता सगळी जीप रिकामी झाली. ड्रायव्हर रडकुंडीला आला. "अप्पा, तुमी मोटारसायकलवर कामून मेला न्हाईत हो?"

*

पण खरा गोंधळ झाला तो फोटोचा. मालिकेतल्या भिंतीवर लावायला त्या लोकांनी अप्पांचा घरातला मोठा फोटो नेला होता. काम झाल्यावर तो पार्सलनं परत पाठवला. पाठवताना वरचा चंदनाचा हार काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही!

घरात कुणी नव्हतं. काकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, पेडगावला भावाकडं गेल्या होत्या आणि अप्पा शेतात. पार्सल फाटलेलं होतं. शेजाऱ्यांनी आत काय आहे ते बघितलं आणि गल्लीत बातमी पसरली. दुपारपर्यंत ओट्यावर पंधरा-वीस माणसं टॉवेलानं डोळे पुशीत बसली. अप्पा मागच्या वाटेनं शेतातून आले. एवढी माणसं मुकाट बसलेली बघून तेही चप्पल काढून कडेला टेकले. जरा वेळानं शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं?"

काकूंना कळलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. त्यांनी हार विहिरीत टाकला आणि दोन दिवस अप्पांशी बोलल्या नाहीत.

*

आता काकूंचं सांगायलाच हवं. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं एकही काम बघितलं नव्हतं. नाटक नाही, सिनेमा नाही. टीव्हीवर अप्पा आले की त्या उठून गोठ्यात जायच्या.

"सवाष्ण बाईनं मालक मरताना बघावं का?" त्या मला म्हणाल्या. "तुमीच सांगा, मास्तर."

बरं, अप्पा सगळीकडं मरतच होते. एकदाच, एका विनोदी नाटकात ते शेवटपर्यंत जिवंत राहिले. काकू यायला तयारही झाल्या. आणि नेमकी त्याच दिवशी पाथरीला लेक बाळंत झाली! त्या नाटकाचा तो एकच प्रयोग झाला. अप्पांनी आम्हाला नातवाचे पेढे वाटले आणि मग मेकअपच्या खोलीत एकटेच जाऊन बसले. "साऱ्या म्हाराष्ट्रानं बघितलं," मला म्हणाले, "अन् जिनं बघावं तिनं न्हाई." मला त्यांचं फार वाईट वाटलं.

*

मागच्या वर्षी अप्पांनी जाहीर केलं, गुडघे ऐकेनात, आता परभणीत एक शेवटचा प्रयोग करायचा आणि थांबायचं. त्यातही ते मरणारच होते. ते लेखकाला भेटायला गेले. "एवढ्या बारीला मला जगवा."

लेखक म्हणाला, "अप्पा, तुम्ही जगलात तर तिसऱ्या अंकात माणसं काय करतील?"

अप्पा निमूट घरी आले आणि काकूंना खरं ते सांगून टाकलं. "मी मरनार हाय. पन शेवटचंच हाय. बघ, तुला जमलं तर." काकू भाकरी थापत होत्या, थापत राहिल्या.

प्रयोग संध्याकाळी सहाचा. तिसरी घंटा झाली तशी मी पडद्याच्या फटीतून बघितलं, तर पहिल्या रांगेत काकू! हातात पिशवी घट्ट धरून ताठ बसलेल्या. मी अप्पांना सांगितलं नाही. उगीच वाक्यं विसरायचे.

तिसऱ्या अंकापर्यंत सगळं उत्तम चाललं. अप्पा खाटेवर पडले, शेवटचं वाक्य बोलले, आता मान टाकायची. मान टाकायला वळवली आणि समोर काकू दिसल्या.

अप्पांनी मान टाकलीच नाही. तेच वाक्य पुन्हा बोलले. मग पाणी मागितलं, जे नाटकात नव्हतं. सून झालेल्या मुलीनं घाबरून पाणी आणून दिलं. प्यायले. आणखी मागितलं. तेही प्यायले.

मी विंगेतून म्हटलं, "अप्पा, मरा."

"थांबा हो जरा," अप्पा मोठ्यानं म्हणाले.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सून माझ्याकडं बघायला लागली. अप्पा खाटेवर उठून बसले होते आणि एकटक पहिल्या रांगेकडं बघत होते. चाळीस वर्षं मरणारा माणूस, आणि त्याला मरता येईना!

तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर नीट घेतला आणि भरल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आवं, मरा आता बिनघोर! मी हाय इथं बसलेली."

अप्पांनी लगेच मान टाकली.