अंभोरे सरांचा पहिला घास

अंभोरे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्या मुलीच्या पानात बोटं घालताना. हसनाबादच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो आणि एका सहकाऱ्याकडे वास्तुशांतीचं जेवण होतं. सरांची सहा वर्षांची तन्वी पानावर बसलेली, आणि सर तिच्या पानातल्या एकेका पदार्थाला बोट लावून चाटताहेत. वांग्याची भाजी बाजूला, कोशिंबीर बाजूला, चटणी बाजूला. शेवटी पोरीच्या वाट्याला वरण आणि पोळी राहिली. "काय माणूस आहे," असं मी शेजारच्याच्या कानात म्हणालोसुद्धा.

कारण नंतर कळलं. तनूला शेंगदाणा चालत नव्हता. म्हणजे आवडत नव्हता असं नव्हे. दोन वर्षांची असताना कुणीतरी कौतुकानं तिच्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला, पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास अडकला. ती वाचली. डॉक्टरांनी मात्र बजावलं, की पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. आता आमच्या जालन्याकडे शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक म्हणजे काय ते कुणाच्याही घरात विचारा. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला तर कुटाशिवाय पान हलत नाही. आणि विचारलं तर घरची बाई छातीठोकपणे सांगते, "काही नाही हो घातलं." ती खोटं बोलत नसते. कूट म्हणजे आपण काही वेगळं घातलंय, असं आमच्याकडे कुणाच्या मनातच येत नाही.

म्हणून सरांचा माणसाच्या शब्दावर भरवसा नव्हता. "माणूस खोटं बोलत न्हाई राऊत सर, माणूस इसरतंय," असं ते मला म्हणायचे. त्यांचा भरवसा स्वतःच्या जिभेवर. एकदा मधल्या सुट्टीत आम्ही त्यांची परीक्षा घेतली. मेथीच्या भाजीत चिमूटभर कूट कालवून डबा पुढे केला. सरांनी जिभेला नुसतं लावलं आणि डबा मागे सारला. "कूट हाय. अन् खवट हाय. वहिनींना सांगा, बरणी बदला." त्या दिवसापासून मी त्यांना 'टेस्टर साहेब' म्हणायला लागलो. ते हसायचे. त्यांना ते आवडायचं, हे मी शपथेवर सांगतो.

असे हे सर शाळेत पोषण आहाराचे प्रमुख, आणि दर रविवारी लेकीला घेऊन जायचे ते जालन्यातल्या एका बर्गरच्या दुकानात. स्टाफरूममध्ये यावरून त्यांची यथेच्छ टिंगल व्हायची. आम्हीच कशाला, त्यांच्या सासुरवाडीची, धावड्याची मंडळीसुद्धा नाकं मुरडायची. घरचं सोडून पोरीला मैदा चारतो म्हणून. सर शांतपणे म्हणायचे, "घरच्या जेवणावर काय काय घातलं ते छापलेलं नसतंय. तिथं पाकिटावर छापलेलं असतंय." त्या दुकानात टिक्क्या बाहेरून खोक्यांतून यायच्या. पहिल्याच दिवशी सरांनी मालकाकडून खोकं मागून घेतलं आणि चष्मा लावून त्याच्या चारही बाजू वाचल्या. तेव्हापासून त्यांची ऑर्डर ठरलेली. एक आलू टिक्की बर्गर, सॉस नको, सोबत बटाट्याच्या सळ्या आणि खेळणं. तरीही पहिला घास सरांचाच. "थांब. आधी माझ्या जिभेवर." मग तनू ओरडायची, "पप्पा, छोटा घास घ्या, छोटा!"

मीही माझ्या पोराला घेऊन दोन-चारदा तिथे गेलोय. आईबाप पोरांसाठी काय मागवतात हे बघण्यासारखं असतं. पोरं खेळण्याच्या चित्राकडे बघून बोट दाखवतात. बाप उजवीकडचा आकडा बघतो. आई म्हणते, "एकात दोघं खाल ना?" आणि गावाहून आलेली आजी विचारते, यात भाजी कुठंय. त्या सगळ्या गलक्यात तनू इतर पोरांसारखीच टेबलाखाली पाय हलवत बसलेली असायची. लग्नकार्यात ती कधी अशी बसली नाही. कुणाच्या वाढदिवसाला ती गेली नाही. आठवड्यातले दोन तास ती चारचौघींसारखी मुलगी असायची. तनूची आई, सुनीतावहिनी, मुद्दाम घरी थांबायच्या. म्हणायच्या, बापलेकीचा रविवार आहे, मी कशाला मधी?

त्या वर्षी दिवाळीनंतर सर तापानं आठवडाभर पडून होते. बरे होऊन शाळेत आले, कामाला लागले. एके दिवशी आमच्या स्वयंपाकीण बाईंच्या हातून खिचडीत मीठ दोनदा पडलं. पोरांनी पहिला घास थुंकला. सर नियमाप्रमाणे आधीच वाटीभर खाऊन 'झकास' म्हणून गेले होते. मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, "काय टेस्टर साहेब, वहिनींशी भांडण झालं काय?" सर हसले नाहीत. "लक्ष नव्हतं," एवढंच म्हणाले. मी ही गोष्ट चार जणांना रंगवून सांगितली. विचारलं मात्र नाही. आज लिहितानाही मला स्वतःचा संताप येतो.

माघातल्या एका रविवारी मी आणि माझा मुलगा त्यांच्याच टेबलावर होतो. काउंटरवरच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "सर, आता टिक्की आम्ही इथंच बनवून राह्यलो. एकदम ताजी."

सर थबकले. "काय काय घालता?"

"बटाटा, मटार, मसाला. दुसरं काहीच न्हाई, सर."

सर उभेच राहिले. मागे रांग होती. तनूनं खेळणं आधीच निवडून हातात घेतलं होतं. शेवटी त्यांनी ट्रे उचलला, टेबलावर आणला, घास घेतला आणि खूप वेळ चावत बसले. एवढा वेळ ते कधीच लावत नसत. मला वाटलं, काय सावध बाप आहे. "चालंल," सर म्हणाले. तनूनं खाल्लं.

पुढचं लिहवत नाही. पिशवीतलं औषध दिलं, रिक्षा मिळाली, दवाखाना दहा मिनिटांवर होता. दहा मिनिटं पुरली नाहीत. सरांनी तिला मांडीवर घेतलं होतं आणि ते सारखे म्हणत होते, "श्वास घे तनू, घे बेटा." संध्याकाळी त्या काउंटरवरच्या बाई दवाखान्यात आल्या. भिंतीला टेकून रडत राहिल्या. "कूट थोडंच होतं हो," त्या म्हणत होत्या, "चवीपुरतं."

त्यानंतर आठ दिवस सरांच्या घरी माणसांची रीघ होती. सगळे दुकानाला शिव्या देत होते. वहिनी येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगायच्या. "यांनी चव घेतल्ती. यांच्या जिभेला कळलं न्हाई, तं कुणालाच कळलं नसतं. यांची काय चूक?" त्या नवऱ्याला सांभाळत होत्या. बाजूच्या खुर्चीत सर खाली मान घालून ऐकायचे, आणि दर वेळी त्यांचा चेहरा आणखी उतरायचा.

आठव्या दिवशी मी तिथे होतो. वहिनी पुन्हा तेच सांगायला लागल्या, आणि सर उठून उभे राहिले.

"मला चव येत न्हाई," ते म्हणाले. "वासबी न्हाई."

वहिनींनी विचारलं, "कवापासून?"

"दिवाळीच्या तापापासून. वाटलं, येईल परत. तुला सांगितलं असतं तं तू तिला जाऊ दिलं नसतं. तिचा रविवार गेला असता." मग ते म्हणाले, "मी बाईच्या शब्दावर गेल्तो, सुनीता. घास नुसता चावला."

मला वाटलं वहिनी ओरडतील, कपाळ बडवून घेतील. त्या अगदी हळू बोलल्या.

"मी आले असते की. मलाबी जीभ हाय."

सर पुन्हा खुर्चीत बसले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही अजून गेलेलं नाही. लेकीचा रविवार वाचवायचा होता हे खरं. पण घरात आणखी एक जीभ आहे, हे इतक्या हुशार माणसाला तीन-चार महिन्यांत एकदाही सुचलं नाही, की सुचूनही त्यांना आपली जागा सोडवली नाही, हे मला कधी विचारता आलं नाही.

जूनमध्ये सरांनी मंठ्याकडे बदली मागून घेतली. सामान टेम्पोत चढवायला मी गेलो होतो. एक कॉट, एक कपाट, पुस्तकांची दोन पोती. वहिनी दारात उभ्या राहून काय काय राहिलंय ते सांगत होत्या. सगळं चढवून झाल्यावर सर पुढच्या सीटवर बसले आणि टेम्पो निघाला. वहिनी आत गेल्या आणि दार लावून घेतलं.