खिरापतीच्या डब्यातला शब्द

हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुनेला नाही. पहिल्यांदा तोंड उघडलं ते अकोल्यात, एका भरलेल्या सभागृहात — आणि तेही अर्धंच. उरलेलं अर्धं तुमच्यासाठी ठेवलंय असं समजा.

बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीत मी "इंग्रजीवाल्या काकू". हे ड्युटीवर गेले की पुढच्या खोलीत माझा क्लास भरायचा. मी शिकवायचे कसं? एक शब्द, एक अर्थ, दहा वेळा लिहा. जेलस म्हणजे मत्सर. एन्व्ही म्हणजे — तोही मत्सरच. मग दोन शब्द कशाला, असं एखाद्या पोरीनं विचारलं, तर मी म्हणायचे, इंग्रजांकडे शब्द उरले होते. पोरी हसायच्या आणि माझं निभून जायचं. खरं सांगू? मला स्वतःलाच फरक माहीत नव्हता.

मग समोरच्या क्वार्टरमध्ये वर्षा आली. माहेर अकोल्याचं, लग्न नवं, इंग्रजीत एम. ए. बोलायची मात्र आपल्यासारखीच, चक्क वऱ्हाडी. तेच मला सगळ्यात टोचलं असावं — एवढं शिकूनही तिला ते मिरवायची गरज पडत नव्हती. मी तर भाजीवाल्यालाही 'थँक्यू' म्हणायचे.

त्या वर्षी कॉलनीतली भुलाबाई — तुमच्याकडचा भोंडला म्हणा — तिच्या अंगणात होती. आमच्याकडे गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. घरची बाई झाकलेला डबा वाजवते, पोरी विचारत सुटतात — गोड की तिखट, कोरडं की ओलं — आणि ओळखल्याशिवाय कुणाला कणही मिळत नाही. वर्षाची खिरापत ओळखून, खाऊन झाली. तरी तिनं दुसरा डबा आणला. ॲल्युमिनियमचा, झाकण चेपलेलं, आत चार चिंचोके आणि एक चिठ्ठी.

"याच्यात इंग्रजी शब्द हाये," ती म्हणाली. "ओयखा."

रागाचा आहे का, एकीनं विचारलं. "रागाच्या शेजारी रायते." मग ग्रीडी? "नाई. ग्रीडीले रोज नवं पाह्यजे. याले आपलं हाये तेच मुठीत धराचं हाये." माझ्या क्लासमधली हुशार पोर उठून म्हणाली, एन्व्ही. वर्षानं डबा तिच्या कानाशी वाजवला. "लय जवळ आली तू. मैत्रिणीची सायकल पाहून तुले तशीच पाह्यजे वाटली, ते एन्व्ही. पन तुई मैत्रीण दुसरीसंगं खेयाले लागली अन् तुया पोटात दुखलं, तं ते काय?"

जेलस! सगळं अंगण ओरडलं.

मी कोजागिरीच्या दुधाचा पेला हातात धरून उभी होते. मला तो शब्द त्या क्षणी कळला. दहा वेळा लिहून कधी कळला नसता इतका कळला. तिच्या एम. ए.ची मला एन्व्ही नव्हती, ती डिग्री मला नकोच होती. माझ्या पोरी तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या — मला तेवढंच दिसत होतं.

आणि मग मी काय केलं? आता आडवळणं पुरे.

दोन-तीन आयांनी मला विचारलं, काकू, वर्षाकडे लेकरं पाठवू का? मी म्हणाले, "म्या विचारलं होतं तिले. तिले लेकराईची कटकट आवडत नाई." विचारलं कुठं होतं! आणि वर्षानं मला विचारलं, काकू, क्लास काढू का, तुमची हरकत तं नाई? तिला म्हणाले, "माई कायची हरकत? पन इथल्या बाया नव्या माणसाकडं लेकरं पाठवत नाई. तुले वाईट वाटू नये म्हून सांगतो." केवढी मला तिची काळजी!

तिनं तरी सतरंजी आणली, भिंतीवर फळा लावला, पाटी टांगली. संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून बसायची. पोरी तिच्या दारावरून माझ्या घरी यायच्या. माझ्या खिडकीतून ती रिकामी सतरंजी दिसायची. आणि — हेच अर्धं मी अकोल्यात गिळलं — मला वाईट वाटत नव्हतं. मला बरं वाटत होतं. मी पडदा जरा बाजूला करून बघायचे.

पुढे तिच्या नवऱ्याची अकोल्याला बदली झाली. जाताना ती डबा घेऊन आली. "काकू, इथं तं हा माह्या कामी आला नाई. तुमी ठेवा, पोराईले खेयवा." मी ठेवला. नुसता ठेवला नाही, वापरलाही. माझा क्लास त्या डब्यावर असा चालला की अमरावतीहून पोरं यायला लागली. ही युक्ती कुठून सुचली, असं लोक विचारायचे. मी नुसती हसायचे.

यंदा वर्षाचा फोन आला. "माह्या क्लासच्या भुलाबाईले तुमीच पाहुण्या." नाही कसं म्हणणार? डबा पिशवीत टाकला आणि पॅसेंजरनं अकोल्याला गेले. वाटलं होतं, एखादी खोली असेल. सभागृह होतं हो! दर्यापूरहून बसनं आलेल्या पोरी, दाराशी चपलांचा ढीग, मधे ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात भुलाबाई. पोरी इंग्रजीत भांडत होत्या, इंग्रजीत चिडवत होत्या आणि मधेच झकास वऱ्हाडीत शिव्या हासडत होत्या. मी पोटावर हात ठेवून पाहिलं — दुखतंय का? नाही. माझा ऊर भरून आला होता. वर्षा जिंकली होती. मी एवढी आडवी येऊनही जिंकली होती, आणि मला त्याचा निव्वळ आनंद झाला.

आणि तेव्हाच तिनं माईक घेतला. "बडनेऱ्याले कोनी माह्या क्लासले आलं नाई. कावून, ते कोनी सांगे ना. तोंडावर खरं बोलल्या त्या या एकट्या काकू. म्हून मी इथं येऊन क्लास काढला. असं खरं बोलनारं मानूस पाह्यजे."

टाळ्या! माझ्या खोटेपणाला, खरेपणाच्या नावानं. तुम्ही काय केलं असतं? सत्काराची शाल घेऊन खाली बसणं सोपं होतं. पाय खुर्चीकडे वळलेही होते.

मी पिशवीतून डबा काढला आणि वाजवला. वर्षानं आवाज ओळखला. "याच्यात शब्द हाये," मी म्हणाले, "ओयखा. एक बाई होती. तिच्याजवळ पोरी होत्या. समोर दुसरी बाई आली, तिच्याहून हुशार." एन्व्ही, कुणी ओरडलं. "नाई. तिले हुशारी नको होती. तिले पोरी सोडाच्या नव्हत्या. म्हून ती आयाईजवळ खोटं बोलली. अन् त्या दुसऱ्या बाईजवळही खोटं बोलली. म्हने, इथल्या बाया लेकरं पाठवत नाई." गिल्टी? "ते तिले लय उशिरा आलं."

जेलस! सगळं सभागृह. एवढ्या वर्षांत माझ्या डब्यातला शब्द इतक्या झटकन कुणी ओळखला नव्हता.

पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "कोन होती ते बाई?"

"मी."

माझा आवाज कापला नाही. मला वाटलं होतं कापेल. उलट असा स्वच्छ निघाला की माईकची गरज नव्हती. माझं मलाच नवल वाटलं, आणि सांगायला लाज नाही, फार बरं वाटलं.

 वर्षा माफ केलं म्हणाली नाही, आणि मी ते मागितलंही नाही. तिनं पुढे येऊन डबा माझ्या हातातून घेतला, तो तिचाच होता. झाकण उघडून चिठ्ठी वाचली. मग टेबलावरची कोरी चिठ्ठी उचलून नवा शब्द लिहिला, आत टाकला आणि डबा डोक्यावर धरून वाजवला. पोरींचा गलका उठला. मी स्टेजवरून उतरून पोरींत सतरंजीवर बसले आणि हात वर केला.